वरच्या वळणावरचा खुंट

मी एक जुना खुंट आहे, आणि मी माझ्या जागेवर नाही. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, कारण पुलावरून जाणारा प्रत्येक पाहुणा मला पाहून म्हणतो, "वा! काय छान जागा दिलीय याला!" हिरवा-पांढरा रंग, पायाशी सिमेंटचा ओटा, अंगाला टेकवलेल्या दोन-तीन सायकली. दिसायला खरेच छान आहे. पण माझी जागा इथून दीड तास चढून गेल्यावर, लेला नदीच्या तिसऱ्या वळणावर आहे. तिथे आता माझ्याऐवजी दुसरेच कुणीतरी उभे आहे. कोण, ते ओघात येईलच.

ज्या झाडाचा मी झालो, त्याच्या लाकडाला आमच्या होलात नावाच्या गावात लोखंडी लाकूड म्हणतात. पाण्यात टाकले तर ते तळाला जाते. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. तेते मेल्कियोर यांनी ते झाड पाडले. आजोबांना आम्ही तेते म्हणतो, आणि हे तर साऱ्या गावाचे तेते होते, कारण ते केवांग होते, म्हणजे गावच्या रानाचे आणि समुद्राचे राखणदार. अकरा दिवस वाकसाने तासून त्यांनी एका बुंध्याचे दोन खुंट केले. एक माझा भाऊ. त्याला नदीच्या मुखाशी वाळूत रोवले, समुद्राकडे तोंड करून. मला खांद्यावर घालून वर नेले.

त्या दिवशी माझ्या पायाशी ताडीची धार सोडून तेतेंनी नऊ नावे घेतली. त्यांच्या आधी होऊन गेलेल्या नऊ केवांगांची नावे. मी नवखा होतो, मला वाटले ही नुसती नावे आहेत. पण नववे नाव उच्चारून होताच माझ्या पाठीमागे नऊ जण येऊन उभे राहिले. दिसत कुणी नव्हते. तरी मागे माणूस उभा असला की कळते ना, तसे कळत होते. पुढची सगळी वर्षे ते तिथेच होते. पाऊस कोसळत असताना मला एकटे वाटले नाही, ते त्यांच्यामुळे.

माझे काम सोपे होते. दरवर्षी मुखाशी लोंपाची पिल्ले दिसू लागली की गावात सासी लागायची, म्हणजे बंदी. लोंपा हा बोटभर लांबीचा चांदीसारखा मासा. दिवसा तो नदीच्या डोहात विसावतो, दिवस मावळला की चरायला समुद्रात जातो. त्याला नदीही लागते आणि समुद्रही. म्हणून केवांग स्वतःच्या हाताने आधी मला आणि मग माझ्या भावाला नारळाची कोवळी पाने बांधायचा आणि शंख फुंकून सांगायचा:

"वरच्या खुंटापासून खालच्या खुंटापर्यंत पाणी झोपलंय. कुणी उठवू नका."

मग सात महिने कुणी उठवायचे नाही. आम्हा दोघांच्या मध्ये मासा धरायचा नाही, भांडी घासायची नाहीत, इंजिनाची होडी आणायची नाही आणि दोन्ही उतारांवरच्या एका झाडाला हात लावायचा नाही. माझ्या वर नुसता कडा होता. तिथे बकरीचा पाय ठरला नसता, म्हणून तिथली बंदी कुणाला सुचलीच नव्हती. सात महिन्यांनी सासी उघडली की सगळे गाव जाळी घेऊन नदीत उतरायचे. विधवांचा वाटा आधी, मग बाकीच्यांचा. वरून मला फक्त हसणे ऐकू यायचे, पण तेवढ्यावरूनही मासळी किती आली याचा अंदाज बांधता यायचा.

मेल्कियोर गेले आणि त्यांचे जावई ओबेद केवांग झाले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते ताठ होते. उड्या मारत वर यायचे, माझ्या अंगावरचे शेवाळ खरवडायचे आणि गप्पा मारायचे. बायको वारली तेव्हा ते गावात कुणासमोर रडले नाहीत. माझ्यापाशी येऊन रडले. त्या ताठ गड्याच्या जागी म्हातारे तेते ओबेद कधी आले, ते मला कळलेही नाही. चढावर आधी काठी दिसायची, मग खूप वेळाने ते दिसायचे.

एका वर्षी पाने बांधायला त्यांच्याबरोबर सेफनाट आला होता. त्यांचा मदतनीस. चाळिशीचा गडी, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखा. तेतेंचा पाय शेवटच्या दगडावरून घसरला आणि सेफनाटने त्यांना वरच्यावर धरले.

"तेते, तुमचे गुडघे एवढे वाजतात की मासे घाबरून पळतील."

"तुझ्या बडबडीला घाबरले नाहीत आजवर, माझ्या गुडघ्यांना काय घाबरतात!"

सेफनाट हसला. पण तेते दगडावर बसून गुडघे दाबत राहिले, तेव्हा त्याचे हसू मावळले.

"मस्करी नाही करत, तेते. आपण खुंटच खाली आणू या. पुलाजवळ. तुम्ही घरातून चपला घालून याल, पानं बांधाल, परत जाऊन साबुदाण्याच्या पिठाचा गरम पापेडा खाल. मासे तर खालीच असतात ना? इथं वर कोण येतंय मासे चोरायला?"

तेतेंची मुलगी योसिना खालच्या अंगाला साबुदाण्याच्या झाडाचा गाभा कुटत होती. ती कुटायची थांबली.

"आणि खुंट खाली गेला की या उतारांचं काय?"

"उतार कुठं पळून जातायत, उसी?" सेफनाट म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे उसी म्हणतात.

"उतार नाही पळत. झाडं पळतात, कुऱ्हाड पाहिली की."

"आपल्या गावात कोण लावणार कुऱ्हाड?" तेते म्हणाले. "इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की हे रान राखीव आहे."

योसिना पुन्हा कुटू लागली. बापाच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिल्यावर तिला बोलवेना. मला बोलायचे होते, मित्रांनो, पण खुंटाला तोंड नसते.

मला उपटले ते फार मानाने उपटले. आधी माझी माफी मागितली, मग ताडी शिंपडली, मग चौघांनी खांद्यावर घेतले. पुढे शंख वाजत होता. मी मागे पाहिले. मी उभा होतो तिथे मांडीएवढा खोल खड्डा पडला होता आणि त्यात पाणी झिरपू लागले होते. खड्ड्याच्या काठावर ते नऊ जण तसेच उभे होते. मला वाटले, निघतील आता, येतील मागोमाग. पुलापर्यंत मी वाट पाहिली. कुणी आले नाही.

पुढचे वर्ष मात्र माझे मजेत गेले. खोटे कशाला बोलू? गावच्या प्रमुखाला आमच्याकडे राजा म्हणतात, पण हा राजा सकाळी कोंबड्या हाकत फिरणारा साधा माणूस होता. त्याने हौसेने मला रंग दिला आणि कुणी हलवू नये म्हणून पायाशी सिमेंट ओतले. बाहेरून साहेब लोक आले, त्यांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. शाळेच्या मुलांनी गाणे म्हटले. रानात पन्नास वर्षे उभा होतो, तेव्हा कुणी ढुंकून पाहिले नव्हते. मला ते कौतुक आवडले. खड्ड्याची आठवण यायची, पण मी ती दूर सारत असे.

मग एके दिवशी बार्नाबास आला. गरीब, सज्जन माणूस. टोपी हातात धरून तेतेंपुढे उभा राहिला. तेते माझ्याशेजारीच बसले होते.

"तेते, पोरीचं लग्न झालं. जावई आमच्याकडेच राहतो. लवंग लावायला जागा बघतोय. दुसऱ्या वळणापुढचा उतार चांगला आहे." त्याने टोपी हातात फिरवली. "तो खुंटाच्या वर आहे ना?"

तेतेंनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ पाहिले. खुंटापासून खुंटापर्यंत, हा नियम त्यांनी स्वतः शंख फुंकून सांगितला होता. आमच्याकडे म्हणतात, केवांग खोटे बोलला तर सासीच मोडते. आणि तेते जन्मात खोटे बोलले नव्हते.

"हो," ते म्हणाले. "वर आहे."

बार्नाबासने त्यांचे हात धरले आणि तो आनंदाने गेला. पुढच्या दोन वर्षांत आणखी अकरा जण आले. कुणी चोरून काही केले नाही. प्रत्येक जण आधी विचारायला आला, इथेच, माझ्यापाशी. प्रत्येकाला उत्तर तेच मिळाले. सातवा होता सेफनाट. तो विचारताना तेतेंच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, आणि तेतेही नदीकडे तोंड करूनच म्हणाले, "हो. वर आहे."

हे तीन शब्द मला अजून ऐकू येतात. वर पाऊस पडू लागला की ऐकू येतात.

लेला नदी माझ्या पायाशी वाहते, त्यामुळे मला सगळ्यात आधी कळले. पूर्वी सर आली की पाणी गढूळ व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत निवळायचे. मग निवळायला दोन दिवस लागू लागले. मग आठ. उतारावरची माती रोज थोडी थोडी माझ्यासमोरून समुद्राकडे जायची. डोह भरत आला. पोरे पूर्वी ज्या डोहात सूर मारायची, तिथे त्यांच्या कमरेला पाणी लागेना. मुखाशी माझ्या भावाच्या पुढ्यात समुद्रात गवत होते, लोंपा तिथे चरायचा. ते गवत गाळाखाली गेले. त्यापलीकडच्या प्रवाळावर राखेसारखा थर चढला. पिल्ले आली, मुखाशी दोन दिवस फिरली आणि निघून गेली. भाऊ हे सगळे पाहत होता. एका बुंध्याचे आम्ही, त्याच्या अंगात भरलेली थंडी मला इथे जाणवत होती.

गावाला वाटत होते, मासे येतील. सासी तर नीट पाळली होती.

उघडण्याच्या दिवशी चर्चमधून प्रार्थना आटोपून सगळे आले. शंख वाजला. जाळी पडली आणि ओढली गेली. वर आला चिखल आणि लवंगेची कुजकी पाने. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. हळूहळू एकेक जण जाळे गुंडाळू लागला. विधवांमध्ये सगळ्यात म्हाताऱ्या आगुस्तिना आजी टोपली घेऊन पहिल्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी टोपली पालथी करून डोक्यावर धरली, जणू उन्हासाठीच आणली होती.

"जाऊ दे, ओबेद," त्या म्हणाल्या. "म्हातारीला असं किती लागतं?"

तेतेंना कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

रीतीप्रमाणे तेतेंनी मोठ्याने विचारले, "सासी कुणी मोडली?" घराघरातला एकेक माणूस पुढे आला आणि शपथेवर सांगून गेला, मी नाही. सगळे खरे बोलत होते. मी साक्षीला होतो. शेवटी तेते माझ्याजवळ आले, माझ्या रंगवलेल्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"कुणीच नाही मोडली," ते म्हणाले. "खुंट हलला. आणि हलवला माझ्या गुडघ्यांनी."

मला परत वर न्यायला हवे, असे त्यांनी राजाला सांगितले. राजाने डोके खाजवले. सिमेंट फोडले तर जुने लाकूड चिरेल. आणि वरच्या बारा बागांचे काय? खुंट वर गेला की त्या सासीच्या आत येणार. बारा घरे हो म्हणाल्याशिवाय खुंट हलणार नाही. बारांपैकी एकही हो म्हणाले नाही. सेफनाट खाली मान घालून बसला होता.

"बरं," तेते म्हणाले. "खुंट येत नसेल, तर खुंटाचं काम मी करतो."

लोक हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत तेते पुलावरून गेले. गळ्यात नारळाची कोवळी पाने बांधली होती, म्हणजे सासी पुन्हा लागली होती. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू इथली चाकरी बघ," आणि चढाला लागले. त्यांना वर पोचायला दुपार झाली असणार.

पुढचे मला योसिनाकडून कळले. ती दर दोन दिवसांनी बापासाठी जेवण घेऊन वर जायची आणि परत येताना पुलावर बसून बायकांना सांगायची. तेतेंनी माझ्या जुन्या जागी पानांचे खोपटे बांधले होते. दिवसभर ते माझ्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. बागेकडे जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावेत म्हणून मुद्दाम पायवाटेकडे तोंड करून.

पहिल्या आठवड्यात सेफनाट आपल्या बागेत तण काढायला गेला होता.

"सासी आहे रे, सेफनाट," तेते म्हणाले.

"तेते, खुंट खाली पुलाजवळ आहे."

"तो रंगवलेला खांब आहे. खुंट मी आहे. तुझी बाग माझ्या खाली येते."

सेफनाटला हसू आले. मग त्याने पाहिले की म्हातारा गुडघ्यापर्यंत खड्ड्यातल्या पाण्यात आहे.

"पाय तरी बाहेर काढा!"

"कशाला? थंड पाण्यानं गुडघ्यांना बरं वाटतंय. तू आधी नाही सांगितलंस ते!"

सेफनाट तण न काढताच परत आला.

मग जूनची झड लागली. आमच्याकडे जूनमध्ये आभाळ फाटते. योसिना रडून सांगून आली, राजा जाऊन आला, तेते उठले नाहीत. शेवटी सेफनाट वर गेला आणि त्यांना पाठीवर घ्यायला वाकला. तेतेंना ताप होता, तरी त्यांनी त्याच्या टाळक्यात हलकी टपली मारली.

"खुंट हलवायची खोडच आहे तुला. एकदा हलवलास, तेवढं पुरे."

तिसऱ्या दिवशी सकाळी योसिना वर गेली तेव्हा ते बसलेलेच होते. डोळे पायवाटेकडे. गळ्यातली पाने अजून हिरवी होती. सगळे गाव वर गेले, पण त्यांना खाली आणायची कुणाची छाती होईना. तिथेच, माझ्या खड्ड्यात, त्यांना पुरले. मेल्कियोरांच्या वेळी घेतली तशी नावे घेतली गेली. या वेळी अकरा: त्या नवांनंतर मेल्कियोर आणि शेवटी ओबेद.

मी दीड तास खाली होतो. तरी अकरावे नाव झाले तेव्हा मला कळले. माझ्या पाठीमागे मात्र कुणीच येऊन उभे राहिले नाही. माझी पाठ आजही रिकामी आहे.

त्याच आठवड्यात सेफनाटने आपली लवंगेची झाडे उपटली. गुडघ्याएवढी झाली होती, जीव लावून वाढवलेली. त्याचे पाहून आठ घरांनी उपटली. तिघांनी नाही उपटली, बार्नाबासने तर नाहीच. मी त्याला दोष देत नाही, त्याने विचारले होते. पुढे सेफनाट केवांग झाला. दरवर्षी तो वर चढून कबरीवरच्या दगडाला पाने बांधतो. परवा उतरताना त्याचे गुडघेही वाजत होते. आता शंख फुंकून तो म्हणतो:

"ओबेदपासून खालच्या खुंटापर्यंत पाणी झोपलंय. कुणी उठवू नका."

मी आता कशातच येत नाही. मधेच उभा आहे, सायकलींसाठी.

पाच वर्षे सासी उघडलेली नाही. उघडावी इतके मासे नाहीत. पण गेल्या हंगामात पुलाखालून लोंपाचा एक लहानसा थवा गेला, चटईएवढा. आगुस्तिना आजींना आता नीट दिसत नाही, तरी त्यांना पुलावर आणून बसवले होते. "गेले का?" त्या विचारत राहिल्या. "वर गेले का?"

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी बार्नाबासचा जावई आला. सेफनाट माझ्याजवळच्या ओट्यावर बसला होता. जावयाने टोपी काढून हातात घेतली. टोपी हातात घेऊन आलेला माणूस मी आधी पाहिला होता.

"बाबा, कड्याच्या बगलेत मातीची एक पट्टी आहे. फार मोठी नाही." त्याने टोपी हातात फिरवली. "ती तेतेंच्या कबरीच्या वर आहे ना?"

सेफनाटने माझ्यावर हात ठेवला. तेतेंनी ठेवला होता तिथेच. तो खोटे बोलणारा माणूस नव्हता आणि पट्टी खरोखरच वर होती. मला ते तीन शब्द त्याच्या घशाशी आलेले ऐकू येत होते. मी घट्ट उभा राहिलो. दुसरे मला काय येते?

"नाही," सेफनाट म्हणाला.

"पण बाबा, कबर तर खाली..."

"पाणी जिथं उगवतं तिथंवरचं सगळं ओबेदच्या खाली आहे. त्याच्या वर काहीच नाही. जा घरी."

जावई गेला. सेफनाट ओट्यावर बसून राहिला आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, हे उत्तर बारा वेळा द्यायला हवे होते. तेते नियमाशी खरे राहिले, आणि पाण्याशी खरे राहायला त्यांना मरेपर्यंत खड्ड्यात बसावे लागले. तुमच्याही गावात माझ्यासारखे काहीतरी असेल. एखादा दगड, एखादा बांध, एखादे जुने झाड. कुणाचे तरी गुडघे दुखतात म्हणून ते जरासे इकडे घ्यायचे ठरेल, आणि ठरवणारे सगळे भले लोक असतील. तेव्हा ते कशाला धरून उभे आहे, एवढे आधी विचारा. आणि कुणी टोपी हातात घेऊन तुम्हाला विचारायला आले, तर माझ्यासारखे गप्प राहू नका.

वर पाऊस सुरू झालाय. मला ऐकू येतेय ते. "हो. वर आहे." मी खुंट आहे, मला तोंड नाही. तुम्हाला आहे.